खेळगाडीतली बोहारीण

रंभाबाई पहिल्यांदा माझ्या दारात आली तेव्हा तिनं नमस्कार वगैरे काही केला नाही. दाराचा पडदा चिमटीत धरला, जरासा चोळला आणि म्हणाली, "दोन पावसाळं. त्येच्या फुडं न्हाई टिकायचा."

पडदा महिन्यापूर्वीच आणलेला होता. मला रागच आला. तसा माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो. माझ्या पाळणाघरातली अडीच-तीन वर्षांची पोरंसुद्धा सकाळी आल्या आल्या माझं नाक बघून आजचा दिवस कसा जाणार ते ठरवतात. मी म्हटलं, "तुम्ही पडदे तपासायला आलात का मुलांना खेळवायला?"

"दोनी न्हाई. मी खोकी उचलाया आली," असं म्हणून डोक्यावरच्या खोक्याला हातही न लावता ती उंबरा ओलांडून आत गेली.

ही नेऱ्यातली गोष्ट, दोन वर्षांपूर्वीची. मी नलिनी. मूळची जामनेरची, नवऱ्याच्या नोकरीमागून इकडे आले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि पुढचा ओटा एवढ्यात माझं पाळणाघर चालतं. मुलं अकरा. आईबाप बहुतेक सगळे हिंजवडीच्या कंपन्यांमधले, कोणी लातूरचं, कोणी अकोल्याचं, माझ्यासारखंच कुठून कुठून आलेलं. दिवसभरात मूल जेवलं, झोपलं आणि पडलं नाही की आपण पास, एवढीच माझी कामाची कल्पना होती.

तेवढ्यात ही खेळगाडी सुरू झाली. पौडकडच्या एका संस्थेनं जुना टेम्पो घेऊन पिवळा रंगवला होता. आत फळ्यांवर खेळणी, चित्रांची पुस्तकं, ढोलक्या, बाहुल्या, रंगांचे डबे. दर दुसऱ्या बुधवारी सकाळी साडेदहाला गाडी आमच्याकडे यायची, दुपारी चांद्याला जायची आणि गुरुवारी मुठा खोऱ्यातल्या वाड्यांवर, जिथे एखादी म्हातारी कामावर गेलेल्या बायकांची पाच-सहा पोरं राखत बसलेली असते. मुलांना खेळवायचं आणि त्यांना सांभाळणाऱ्या बाईलाही चार गोष्टी शिकवायच्या, असा संस्थेचा बेत होता. शिकवणार म्हणजे तपासणारच, असं मी धरून चालले. पहिल्या बुधवारी मोडकी खुर्ची मोरीत लपवली, सगळ्या मुलांना धुतलेले कपडे घातले आणि हाताची घडी घालून रांगेत बसवलं.

गाडी चालवणारा आणि शिकवणारा एकच, निषाद. सव्वीस वर्षांचा, दाढी राखलेला, समाजकार्याची पदवी घेतलेला. रांग बघून त्याचा चेहरा पडला. "ताई, यांना खेळू द्या ना," म्हणाला. मी दिलं. पाच मिनिटांत एका लाल ट्रकवरून तिघांची झोंबाझोंबी झाली आणि एकानं दुसऱ्याला कडकडून चावा घेतला. निषादनं लगेच वाटून घेण्याबद्दलचं एक गाणं सुरू केलं. गाणं चांगलं होतं, पण ज्याला ऐकवायचं तो अजून चावत होता.

खोकी उतरवून रंभाबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती. ती उठली, ट्रक काढून काखेत मारला, कमरेचं फडकं सोडून जमिनीवर पसरलं, सगळी खेळणी त्यावर मांडली आणि मधोमध फतकल घालून बसली.

"फुकट कायबी न्हाई," ती म्हणाली. "बदल्यात काय देनार, बोला."

मग कौस्तुभ उठला. तोवर या अडीच वर्षांच्या पोराच्या तोंडून मी "ना" सोडून दुसरा शब्द ऐकला नव्हता. तो अंगणात गेला आणि एक वाळकं पान घेऊन आला. रंभाबाईनं ते पान उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं, वाससुद्धा घेतला. "एवढ्यात न्हाई परवडत." कौस्तुभ पळत जाऊन आणखी दोन पानं घेऊन आला. "आजून येक." "ना!" "बरं, घे बाबा. पर लुटलंस तू मला." लाल ट्रक त्याच्या हातात पडला आणि बाकीची दहा पोरं अंगणात पळाली.

रंभाबाई खरोखरचीच बोहारीण होती. मुठ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत तिचं घर. सासू हाच धंदा करायची, म्हणून लग्न झाल्यावर हिच्याही डोक्यावर भांड्यांची पाटी आली. वीस-बावीस वर्षं ती नेरे, मारुंजी, चांदे, नांदे असं पायी फिरली. जुनं लुगडं द्या, पातेलं घ्या. दोन पँटी द्या, डबा घ्या. मग शेतांमध्ये इमारती उभ्या राहिल्या. तिला वाटलं, माणसं वाढली म्हणजे कपडे वाढणार, आपली चांदी होणार. पण इमारतींना फाटकं आली आणि फाटकांवर रखवालदार बसले. "किसके यहाँ जाना है?" तो विचारायचा. "समद्यांकडंच," ती म्हणायची. असं नाव रखवालदाराच्या वहीत लिहिता येत नाही, त्यामुळे ती बाहेरच राहिली. वर्षभरात धंदा बसला. मग संस्थेनं तिला खोकी उचलायला गाडीवर घेतलं.

त्याच इमारतींमधली पोरं आता माझ्या ओट्यावर बसून तिच्याशी घासाघीस करायची, याची मला फार गंमत वाटे.

गाडीचा नियम असा, की मुलानं एक खेळणं पंधरा दिवस ठेवून घ्यायचं आणि पुढच्या खेपेला परत द्यायचं. रंभाबाईनं त्याला आपले नियम जोडले. मुलानं दिलेली वस्तू तिच्या बोचक्यात पंधरा दिवस राहायची. खेळणं परत आलं की वस्तू परत, आणि ज्याच्या हातून घेतली त्याच्याच हातात, दुसऱ्या कोणाकडे नाही. घासाघीस करताना ती तोंड वाकडं करायची, पण घेतलेली वस्तू मात्र सोन्यासारखी जपायची. कावळ्याचं पीस, सदऱ्याचं बटण, बाटलीची झाकणं, एकदा तर काड्यापेटीतला मेलेला भुंगा, सगळं वेगवेगळ्या चिंधीत गाठ मारून. कोणती चिंधी कोणाची हे ती विसरायची नाही. लिहितावाचता तिला येत नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडतही नव्हतं.

कापडावरून माणूस ओळखायची तिची सवय गेली नव्हती. मूल जवळ आलं की आधी त्याची बाही चिमटीत. "हिच्या घरी पाव्हनं आल्यात, कापडं घडीची हायेत." "ह्याच्या आईला बरं न्हाई का? कालचाच सदरा हाय." चौकशी केली की दहात नऊ वेळा खरं निघायचं. मी तेवढ्यासाठी तरी मुलांच्या बाह्यांकडे बघायला शिकले. निषादनं लॅपटॉपवर दाखवलेलं किती माझ्या डोक्यात राहिलं हे विचारू नका, पण तिच्याकडून मी शिकले ते गेलं नाही.

पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या त्या वेगळ्याच. कोणी म्हणे, आमची वरणभात खाताना बदल्यात काय विचारते. कोणी म्हणे, झोप म्हटलं तर "एवढ्यात न्हाई परवडत" असं उत्तर येतं, तेही "नाही" नव्हे, "न्हाई". कौस्तुभची आई मात्र एक दिवस दारातच माझा हात धरून रडली, कारण पोरगं बोलायला लागलं होतं. ते बाजारातल्यासारखं बोलतंय याचं तिला काही वाटत नव्हतं.

असं वर्ष-सव्वा वर्ष गेलं. मग जुईलीची भानगड झाली.

जुईली साडेतीन वर्षांची. बाप कामासाठी बंगळूरला, इथे आई आणि ती दोघीच. आई शुभांगी नांदेडची, नव्या कंपनीत लागून तिला दोनच महिने झाले होते. वाईट बाई नव्हे, धावणारी बाई. सकाळी नऊला धावत यायची, संध्याकाळी साडेसातला धावत यायची, आणि तिच्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड निळ्या फितीला लटकून तिच्या पुढे धावायचं.

गेल्या सप्टेंबरातल्या एका बुधवारी ती जुईलीला सोडून गेली आणि अर्ध्या तासानं तिचा फोन आला. "ताई, माझं कार्ड तुमच्याकडे पडलंय का हो? मी गेटवर उभी आहे." मी ओटा बघितला, चपलांचं फडताळ बघितलं आणि सांगितलं, "नाही, इथे काही नाही." जुईलीची डब्याची पिशवी उघडून बघायचं मला सुचलं नाही.

साडेदहाला गाडी आली. फडकं पसरलं, सौदे सुरू झाले. मी लांब कोपऱ्यात एकाचं नाक पुसत होते. जुईलीची पाळी सगळ्यात शेवटी आली. तिनं पिशवीत हात घातला आणि निळी फीत बाहेर काढली. दोघी काहीतरी कुजबुजल्या. रंभाबाईनं मान वर केली, तिची माझी नजरानजर झाली, आणि तिनं ती फीत चिंधीत बांधली. जुईली खेळणं न घेताच जागेवर येऊन बसली. फीत कसली हे मला त्याच क्षणी कळलं. मी उठणार, तेवढ्यात कौस्तुभनं रंगाचा अख्खा डबा डोक्यावर ओतून घेतला. त्याला धुऊन बाहेर आले तोवर गाडी गेली होती.

संध्याकाळी शुभांगी रडकुंडीला आलेली. दिवसभर पाहुण्यांच्या पासवर बसली होती, साहेबानं चारचौघांत विचारलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण सकाळी मी "नाही" म्हणून बसले होते. आता "हो" म्हटलं की नलिनीताईंचं मुलांकडे लक्ष नसतं, हे अकरा घरांत गेलं असतं. मी म्हटलं, "शोधते हं." मनात ठरवलं, उद्या निषादला फोन करून कार्ड गुपचूप मागवून घ्यायचं.

उद्या गुरुवार. गुरुवारी गाडी वरच्या वाड्यांवर असते आणि तिथे फोन लागत नाही. इकडे जुईलीनं जेवता जेवता आईला सांगूनही टाकलं होतं, कार्ड रंभाआजीला दिलं.

सकाळी पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. ती बाई मुलांकडून वस्तू घेते. काय काय घेते? आमच्या मुलाच्या सदऱ्याचं बटण कसं गेलं ते आज कळलं. तिच्याकडे साधं ओळखपत्र तरी आहे का? कोण आहे ही, कुठली? ताई, तुम्ही बघितलं नाही का?

मी लिहिलं, "माझं लक्ष नव्हतं."

आयुष्यात मी खोटं बोललेच नाही असं नाही. पण स्वतःच्या कातडीसाठी दुसऱ्याच्या पोटावर पाय देणारं खोटं मी पहिल्यांदाच बोलले. त्या दिवशी मुलांवर फार ओरडले. माझं नाक बघून सगळी लवकर झोपली.

तक्रार संस्थेकडे गेली. शुक्रवारी पौडच्या ऑफिसात काय झालं ते मला निषादनं फोनवर सांगितलं. संस्थेच्या मॅडमनी विचारलं, रंभाबाई, कार्ड घेतलंत का? ती म्हणाली, व्हय. मग द्या इकडे. न्हाई. अहो, ते दुसऱ्या बाईचं आहे. "आसंल. पर दिलंय पोरीनं, तर पोरीच्याच हातात देनार. आन् सौदा आजून पुरा झाला न्हाई." सगळ्यांनी समजावलं. ती ढिम्म. शेवटी मॅडम म्हणाल्या, मग उद्यापासून गाडीवर येऊ नका, दोन-तीन आठवड्यांनी बैठक घेऊन ठरवू. ती बोचकं उचलून घरी निघून गेली.

"काढतील का रे तिला?" मी विचारलं.

"बहुतेक. तीन पालकांनी लेखी दिलंय. आणि तिच्या बाजूनं बोलणारं कोणीच नाही, ताई."

मी फोन ठेवला. शुभांगीला तर तिसऱ्या दिवशी नवीन कार्ड मिळालं, खुलाशाचं पत्र देऊन. पुन्हा हरवू नये म्हणून येता-जाता ते ती पर्समध्येच ठेवायची. तिचं काम झालं. गाडी सुटणार होती ती रंभाबाईची. एकदा फाटकांनी तिला बाहेर ठेवलं होतं, आणि आता पुन्हा तेच होत होतं. या खेपेला फाटक लावणाऱ्यांत मीही होते.

पुढच्या खेपेच्या बुधवारी शुभांगीनं अर्धी रजा टाकली. "मी स्वतः बसून बघणार आहे ही गाडी काय करते ते," म्हणाली. इथूनच ऑफिसला जायचं म्हणून आज गळ्यात नवं कार्ड, मांडीवर पर्स, माझ्या एकमेव धड खुर्चीवर बसली. गाडी आली. निषाद एकटाच उतरला. त्यानं खोकी आत आणली, चटई टाकली आणि हसत म्हणाला, "चला, खेळणी परत द्या पाहू."

एकही हात पुढे आला नाही.

"माझं पीस?" एकीनं विचारलं. "माझा भुंगा?" दुसऱ्यानं. निषादनं खिशातून चमचमणारे स्टिकर काढले. "खेळणं देईल त्याला स्टिकर." कौस्तुभनं स्टिकर उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. "एवढ्यात न्हाई परवडत," तो म्हणाला. शुभांगीला हसू आलं होतं, पण तिनं ते दाबलं.

तेवढ्यात दारातला पडदा हलला. उंबऱ्याच्या पलीकडे रंभाबाई उभी होती. चेहरा घामानं थबथबलेला, पायांवर रस्त्याची धूळ, काखेत बोचकं. मुठ्याहून तीन गाड्या बदलून आली होती.

निषाद घाबरला. "रंभाबाई, तुम्हाला गाडीवर यायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

"गाडीवर कुटं आली? यष्टीनं आली," ती म्हणाली. "पोरांच्या वस्तू हायेत माज्यापाशी. त्या दिती आन् जाती."

मी म्हटलं, "आत या." एवढं तरी म्हटलं.

ती खाली बसली, फडकं पसरलं. एकेक मूल खेळणं घेऊन आलं आणि आपली चिंधी घेऊन गेलं. भुंग्याचा एक पाय तुटला होता, तो तिनं वेगळा बांधून आणला होता. कोणी गडबड केली नाही. खुर्चीवरून शुभांगी बघत होती. शेवटची चिंधी सुटली आणि निळी फीत बाहेर आली, तशी ती उठून पुढे आली.

"हे माझं आहे. इकडे द्या."

"तुमचं आसंल, बाय. पर तुमी न्हाई दिलं मला. जिनं दिलं तिच्या हातात दिती. मग तुमी मायलेकी बघा."

"काय बोलताय तुम्ही? तीन वर्षांची मुलगी आहे ती! कोणाचं लक्ष नाही असं बघून तुम्ही तिच्याकडून काढून घेतलंत, आणि वर..."

रंभाबाईनं माझ्याकडे बघितलं. एकदाच, आणि लगेच नजर खाली घेतली. त्या बघण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी भांडले असते, भांडण मला जमतं.

"लक्ष नाही असं नव्हतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "शुभांगी, मी बघत होते. जुईलीनं आपण होऊन पिशवीतून काढून दिलं. यांनी मागितलं नाही. मी बघितलं, मला कळलंही, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प बसले. ग्रुपवर लिहिलं ते खोटं होतं."

निषादनं दाढीवर हात ठेवला. मला वाटलं, आता उद्यापासून अकराची दहा होणार. वाटलं आणि हलकंही वाटलं.

"पण मग हिनं दिलं कशाला?" शुभांगी म्हणाली. "आणि त्याच्या बदल्यात घेतलं तरी काय? घरी तर काहीच आलं नाही."

"कायबी न्हाई घेतलं," रंभाबाई म्हणाली. "मी इचारलं, काय पायजे? बाहुली दावली, ढोलकी दावली. न्हाई म्हनली. म्हनली, हे गळ्यात घातलं की आई जाती, तू हे लांब न्ये. म्हून मी न्येलं. आमच्या वाडीत, पार वरच्या अंगाला. म्हनलं, आगं पर बदल्यात काय? तर म्हनली, आई." तिनं फितीवरून अंगठा फिरवला. "आता आई काय माज्या गाडीत व्हती का? पंधरा दिस बोचक्यात ठिवलं, पर सौदा काय पुरा व्हईना. हापिसात ह्ये कुनाला सांगू? पोरीनं कानात सांगितलेलं हाय."

मी शुभांगीकडे बघायचं टाळलं.

रंभाबाईनं जुईलीला जवळ बोलावलं आणि कार्ड तिच्या ओंजळीत ठेवलं. "ह्ये घे तुजी वस्तू. तुला पायजे ते माज्यापाशी न्हाई, पोरी. त्ये हिच्यापाशी हाय. हिच्याशी कर सौदा."

जुईली कार्ड घेऊन आईपुढे जाऊन उभी राहिली. हात पुढे केला. मग तिची नजर वर गेली आणि आईच्या गळ्यावर थांबली.

"तुझ्याकडे दुसरं पण आहे?" तिनं विचारलं.

शुभांगी मटकन चटईवर बसली. खुर्चीवरून तक्रार करायला आलेली बाई आता पोरीच्या उंचीला आली होती. तिनं गळ्यातलं नवं कार्ड काढून फडक्यावर ठेवलं.

"काय पाहिजे तुला? सांग."

"दुधाच्या वेळेला ये." माझ्याकडे चारला सगळ्यांना दूध असतं, ती वेळ.

"राजा, रोज नाही गं जमणार. शुक्रवारी मी घरून काम करते. शुक्रवारी येईन. चारला. नक्की."

जुईलीनं मागे वळून रंभाबाईकडे बघितलं. रंभाबाईनं तोंड वाकडं केलं, मान हलवली.

"एवढ्यात न्हाई परवडत," जुईली म्हणाली.

शुभांगीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ती हसतही होती. "बरं. शुक्रवारी दूध. आणि रविवारी फोन कपाटात."

"आजून येक," रंभाबाईनं पोरीच्या वतीनं तोंड घातलं. "सांजच्याला दारात आली की आधी कार्ड पोरीच्या हातात. मग बाकीचं बोलनं."

"चालेल," शुभांगी म्हणाली.

जुईलीनं जुनं कार्ड आईच्या हातात दिलं. ते केव्हाच बंद पडलेलं होतं, कुठल्याच गेटवर चाललं नसतं. शुभांगीनं ते नव्याच्या आधी पर्समध्ये ठेवलं.

मग ती उठली, तोंड धुतलं आणि निषादला म्हणाली, "तुमच्या मॅडमचा नंबर द्या." मी म्हटलं, "आधी मी बोलते," आणि आम्ही दोघी ओट्यावर उभ्या राहून आलटून पालटून अर्धा तास बोललो. ग्रुपवर मी सगळं खरं लिहिलं. दोन घरांनी मुलं काढली. एक मूल महिन्याभरानं परत आलं, एक आलं नाही. ठीकच आहे, माझ्या कर्मानं गेलं.

बैठक झाली. रंभाबाईला गाडीवर ठेवायचं ठरलं आणि तिचे सौदेही. फक्त यापुढे मोठ्या माणसाची वस्तू आली तर सांभाळणाऱ्या ताईला दाखवायची, एवढं तिनं कबूल केलं. "दावीन," ती म्हणाली, "पर ताईनी बी बगून बगितलं म्हनायला पायजे." हे तिनं मला एकदाच ऐकवलं, आणि मला ते ऐकायलाच हवं होतं.

पालकांच्या समाधानासाठी संस्थेनं तिला ओळखपत्र करून दिलं. पुढच्या बुधवारी ती आली ती गळ्यात पिवळी फीत घालून, फितीला कार्ड, कार्डावर तिचा गंभीर फोटो. फीत चिमटीत धरून म्हणाली, "नायलॉन हाय. ह्ये मात्र टिकतंय." नव्या कार्डाचा तिला केवढा अभिमान होता, ते तिच्या चालण्यातच दिसत होतं. आता रखवालदारानं अडवलं असतं तर तिनं ते नाकासमोर नाचवलं असतं.

जुईली पुढे आली नाही. पडद्याआड उभी राहून त्या कार्डाकडे बघत होती.

"आता तू पण जाणार?" तिनं विचारलं.

रंभाबाई थांबली. फोटोसकट ते कार्ड तिनं गळ्यातून काढलं आणि जुईलीच्या हातात दिलं. "मी हितं हाय तवर तुज्यापाशी ठिव."

तासभर जुईलीनं कार्ड मुठीतून सोडलं नाही. ढोलकीसुद्धा एका हातानं वाजवली. निषाद खोकी भरायला लागला, तशी ती आपणच रंभाबाईकडे गेली आणि फीत तिच्या गळ्यात घालायला लागली. हात पुरेना, म्हणून रंभाबाई वाकली.

"बदल्यात काय?" रंभाबाईनं विचारलं.

"बुधवारी ये," जुईली म्हणाली.

रंभाबाईनं घासाघीस केली नाही.